अर्धं इंजिन तुझं

तुझा फोन ठेवला, पण तुझं एक वाक्य काही मनातून जाईना. ‘ताई, लेकीला घेऊन येते मी हेदवीला, पण त्या इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. ती करेल काय ते, मी आपली शेजारी बसेन.’

अगं, तेवढं मात्र करू नकोस. डिसेंबरात पडवीत पुठ्ठ्याचं रेल्वे-इंजिन करायला ये, हवं तर एक दिवस आधीच ये, पण नुसती शेजारी बसायला येऊ नकोस. शेजारी बसलेल्या आईचं पुढे काय होतं ते मी आपल्या पडवीत पुष्कळदा पाहिलंय. आधी ‘सरळ काप गं’, मग ‘सांडशील हं’, मग ‘दे इकडे, मी देते करून’. शेवटी पोर आतल्या खोलीत आणि आईच्या हातात फोन. आईचा स्वभाव वाईट असतो असं अजिबात नाही. रिकाम्या हातांना दुसऱ्याच्या कामातल्या चुका फार लवकर दिसतात, इतकंच. म्हणून तुला आधीच सांगून ठेवते, अर्धं इंजिन तू घे. लेकीला मदत म्हणून नव्हे, तुझं स्वतःचं म्हणून. बिघडलं तर तुझं बिघडेल, चाललं तर तुझं चालेल.

अर्धं म्हणजे कसं? रेल्वेच्या इंजिनाची वाटणी फार सोपी असते. वरची बॉडी एकीची, खालच्या बोगी दुसरीच्या. बॉडीत पेटी, खिडक्या, दिवे, रंग, नंबर. बोगीत चाकं, आस, मोटर, वायरी. निवड आधी लेकीला करू दे. बहुतेक पोरं बॉडी मागतात, कारण रंग तिकडे असतो. पण एखादी चाकांवरच डोळा ठेवून येते, मग रंगाचा ब्रश तुझ्या हातात. दोघींनी मिळून करायचं ते एवढंच, की कात्री लावण्याआधी एका कागदावर मापं मांडायची. लांबी किती, रुंदी किती, बोगी कुठे बसणार, बॉडी जमिनीपासून किती वर राहणार. खाली दोघींच्या सह्या. मग आपापल्या चटईवर जायचं. तिच्या कामात तू बोलायचं नाहीस, तुझ्या कामात तिने बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं.

सह्या कशाला, म्हणशील. गेल्या खेपेला आमचे धाकटे भावोजी आणि पुतणी असेच बसले होते. पुतणीने बॉडी घेतली, भावोजींनी बोगी आणि त्यांच्यावर टेकणारी खालची चौकट. रविवारी सकाळी दोन्ही तयार. पुतणीने दोन्ही हातांनी बॉडी उचलली, अलगद चौकटीवर ठेवली, आणि ती बसेचना. पुढून दाबली की मागून वर येई. भावोजी म्हणाले, ‘तुझी बॉडी अरुंद झालीय.’ ती म्हणाली, ‘बाबा, तुझी चौकट रुंद झालीय.’ स्टीलची पट्टी आणली. बॉडी ८७ मिलिमीटर. चौकट ८७ मिलिमीटर. कागदावर दोघांच्या सह्यांच्या वर लिहिलेलं, रुंदी ८७. दोघांचंही बरोबर, आणि इंजिन तर जुळत नाही! मांडी घालून दोघं त्या कागदाकडे बघत बसले. मी चहा घेऊन आले ती दारातच थांबले. मग पुतणीनेच उरलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्याची कड पट्टीला लावली. जाडी दोन मिलिमीटर. दोन बाजूंच्या मिळून चार. म्हणजे बॉडी बाहेरून ८७ आणि आतून ८३, आणि चौकट तर आत जायची होती. ‘बाहेरून’ की ‘आतून’, हे कागदावर कुणी लिहिलंच नव्हतं.

आता कापायचं कुणी? पुतणी म्हणाली, ‘बाबा, तू काप. माझा रंग झालाय.’ आणि ऑफिसात ज्यांच्या हाताखाली इतकी माणसं आहेत ते आमचे भावोजी निमूटपणे कटर घेऊन बसले. दोन्ही कडांनी दोन-दोन मिलिमीटर उतरवले, कड पॉलिश पेपरने घासून साफ केली. तिच्या बोलण्यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. कारखान्यात एका कारागिराने दुसऱ्याला सांगावं तसं तिने सांगितलं. एरवी दिवसभर आपणच पोरांना सांगत असतो, दात घास, दप्तर भर, पंखा बंद कर. त्यांनी आपल्याला काही सांगावं आणि ते कामाचं म्हणून आपण ऐकावं, अशी वेळ घरात येते कुठे? ती मुद्दाम आणावी लागते. नुसती शेजारी बसलीस तर ती येत नाही, कारण तुझं काही जुळायचं राहिलेलंच नसतं.

तू पुण्यात राहतेस, तर निघण्याआधी एक कर. कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे लेकीला घेऊन जा. भाऊसाहेब जोशी हे पुण्यातले उद्योजक. त्यांना छोट्या गाड्यांचा छंद होता आणि तो वाढत वाढत शहराएवढा झाला. १९८२ साली त्यांनी गोखले हॉलमध्ये आपली मांडणी लोकांना दाखवली, आणि १ एप्रिल १९९८ ला कायमचं संग्रहालय उघडलं. (त्याच वर्षी २६ जानेवारीला आपली कोकण रेल्वे रोह्यापासून थेट मंगळूरकडे सलग सुरू झाली. मला हे दोन्ही एका वर्षात घडल्याचं फार कौतुक आहे.) सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल, वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंत सगळं तिथे धावताना दिसतं. तिथे उभी राहशील तेव्हा गाड्यांबरोबर पोरांच्या तोंडाकडेही बघ. हे सगळं एका मोठ्या माणसाने स्वतःच्या आवडीपोटी केलंय, ते पोरांना न सांगता कळतं. कुणाला तरी रमवायला म्हणून केलेली गोष्ट आणि स्वतः रमून केलेली गोष्ट यांतला फरक त्यांना आपल्याआधी ओळखता येतो. भाऊसाहेबांच्या मागे घरच्यांनीच ते चालू ठेवलं, याचंही मला म्हणूनच नवल वाटत नाही.

इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीची गोष्टही अशीच. एका मांसाच्या आयातदाराकडे नोकरी करणारा हा माणूस घरी आपल्या मुलांसाठी पत्र्याची खेळणी करायचा, पूल, क्रेन, असं काहीबाही. प्रत्येक खेळण्याला नवे भाग कापावे लागत, त्याचा त्याला कंटाळा आला. मग त्याला सुचलं, की पत्र्याच्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर, अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं पाडली तर त्याच पट्ट्या खोलून पुन्हा दुसरं काही जोडता येईल. १९०१ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. तोच पुढे आपल्या लहानपणचा मेकॅनो. १९२० पासून त्याच्या कारखान्यातून हॉर्नबीच्या रेल्वेगाड्याही निघू लागल्या. मला त्यातली भोकांची गोष्ट आवडते. पोरांसाठी खेळणं करता करता बापाला स्वतःलाच एक कोडं पडलं आणि तो ते सोडवत बसला. तुलाही पडू दे एखादं.

आणि ‘मला कळत नाही’ हे तर बोलूच नकोस. मिक्सरची जळलेली वायर तू स्वतः बदलतेस, शिलाई मशिनचा पट्टा चढवतेस. मोटरला दोन वायरी जोडायला याहून जास्त काही लागत नाही. दोन वायरींची अदलाबदल केलीस की मोटर उलटी फिरते, म्हणजे इंजिन मागे चालतं. एवढं जमलं की निम्मी वीज आली तुला. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. घाटात गाडी चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं, २०११ साली महिला दिनाला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. तुझ्या लेकीला त्यांचं नाव ठाऊक असू दे. आणि तिची आई इंजिनाला घाबरून बाजूला बसलीय, हे तिने पाहायला नको.

आता कोणतं इंजिन करायचं. लेक वाफेच्या इंजिनाचा हट्ट धरेल, सगळीच धरतात. पहिल्या खेपेला ऐकू नकोस. त्यातले दांडे, सिलिंडर, गोल बॉयलर हे पुठ्ठ्यात फार नाजूक काम असतं, दोन दिवसांत रडकुंडीला येतं पोर. विजेचं इंजिन घ्या. सरळ पेटी, दोन्ही टोकांना तोंड, पांढऱ्यावर लाल पट्टा, वर तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ साली पुरं झालं, तेव्हा आता चिपळूणला हीच इंजिनं दिसतात. डब्ल्यूएपी-७ म्हणतात ते घ्या. त्याची लांबी सुमारे साडेवीस मीटर, चाकं बारा, वजन १२३ टन. लेकीला एक गंमत सांग. त्याच्या आत एकच मोठी मोटर नसते. सहा आस, आणि प्रत्येक आसाला स्वतःची मोटर. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात.

स्केल ठरवताना लोक घोळ घालतात, म्हणून नीट ऐक. दुकानातले परदेशी संच बहुतेक एचओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. त्यांच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, कारण तिकडच्या रुळांमध्ये १४३५ मिलिमीटर अंतर असतं. आपला मोठा रूळमार्ग १६७६ मिलिमीटरचा, त्या हिशेबाने तो एकोणीसवर जायला हवा. म्हणून त्या रुळांवर आपलं इंजिन अंग चोरून उभं राहिल्यासारखं दिसतं. शिवाय ते संच महाग आणि बारीक, नवशिक्या बोटांना नकोत. तुम्ही उलटीकडून या. चाक जे मिळतं त्यावरून स्केल काढा. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३० मिलिमीटरचं असतं. खऱ्या इंजिनाचं नवं चाक १०९२ मिलिमीटरचं. भागाकार लेकीलाच करू दे. ३६ च्या आसपास येईल. म्हणजे तुमचं इंजिन खऱ्याच्या ३६ पट लहान, लांबी ५७ सेंटीमीटर, रुंदी ८७ मिलिमीटर, बाहेरून! दोन चाकांमधलं अंतर सेहेचाळीस-सत्तेचाळीस मिलिमीटर.

हे शेवटचं माप तपासायला एक सोपी युक्ती आहे. १६७६ मिलिमीटर म्हणजे पाच फूट सहा इंच, आपल्याकडच्या एखाद्या पुरुषाची उंची. लेकीला पुठ्ठ्याचा एक लोको पायलट कापायला सांग, त्याच मापाचा. तो उभा करून दाराशी धरायचा, आडवा करून चाकांमध्ये धरायचा. दार ठेंगणं झालं असेल की चाकं जवळ आली असतील, हा छोटा माणूस लगेच सांगतो. बॉडीवाली आणि बोगीवाली या दोघींचा तो पंच.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आलात की थेट गुहागरच्या रस्त्याला लागू नका. आपल्या गुहागर तालुक्यात रूळच नाहीत, तेव्हा गाडी बघायची ती चिपळूणलाच. वालोपेच्या स्टेशनात प्लॅटफॉर्म तिकीट काढून जा आणि एक-दोन गाड्या जाऊ द्या. पिवळ्या रेघेच्या आत, लेकीचा हात धरून. फोटो काढताना एक पथ्य पाळ. इंजिनाच्या अगदी काटकोनात उभी राहून बाजूचा फोटो घे, तिरका घेतलास की मापं खोटी निघतात. लेकीला वही दे आणि तिला फक्त मोजायला सांग. बाजूला खिडक्या किती, जाळ्या किती, पायऱ्या किती, शिड्या कुठे. फोटोत दिसतंच की, असं ती म्हणेल. दिसतं, पण मोजल्याशिवाय डोक्यात बसत नाही. पुतणीने तिथे उभं राहून मोजलेल्या जाळ्या रात्री पुठ्ठ्यावर आखताना एकदाही फोटो उघडला नाही.

सामान मी जमवून ठेवते. दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा, फेव्हिकॉल, पोस्टर कलर शृंगारतळीला मिळतात. आसांसाठी बांबूच्या काड्या. पँटोग्राफ आणि कठड्यांसाठी माडाच्या झावळीचे हीर. हीर तासून एकसारखे केले की पितळेच्या तारेहून सरस दिसतात आणि वाकवताना मोडत नाहीत, फक्त ओले असतानाच वाकवायचे. रुळांखाली पसरायला जांभ्याची बारीक खडी आपल्या परड्यातच आहे. तू येताना शाळेच्या प्रोजेक्टला वापरतात ती पिवळी गिअरची मोटर घेऊन ये, दोन्ही बाजूंना आस बाहेर आलेली, आणि बॅटरीची पेटी. एका बोगीत ती बसेल, दुसरी बोगी नुसती घरंगळेल.

झाकणाचं चाक करायचं तर मध्य नेमका सापडायला हवा, नाहीतर इंजिन पाय ओढत चालतं. झाकण कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची, गोल कापायचा, दोनदा घडी घालायची. घड्या जिथे छेदतात तो मध्य. तो कागद झाकणावर बसवून दाभण तापवून भोक पाडायचं. दाभण तुझ्या हातात, लेकीच्या नाही. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने कड असते, तीच गाडीला रुळावर धरून ठेवते. ती करायला झाकणाच्या आतून थोडी मोठी पुठ्ठ्याची चकती लावायची. प्लास्टिकला फेव्हिकॉल धरत नाही, तिथे फेविक्विक लागतं, आणि तेही तूच लाव. थर्माकोलवर मात्र त्याचा थेंब पडू देऊ नकोस, थर्माकोल वितळतो.

डिसेंबरच का, तर इथल्या हवेमुळे. पावसाळ्यात पुठ्ठा पापडासारखा नरम पडतो, हे तुला सांगायला नको, तू इथेच वाढलीस. फेव्हिकॉल दोन-दोन दिवस ओला राहतो. बॅटरीच्या पत्र्यांवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट थर चढतो, तो मात्र बारा महिने. मोटर फिरेना झाली की आधी ते पत्रे पॉलिश पेपरने घास, मग वायरी तपास.

इंजिन जुळलं की खरी मजा सुरू होते, आणि ही मजा तुमच्या दोघींची सामाईक. मागच्या पडवीत मी दीड मीटरची फळी काढून ठेवलीय. तिच्या एका टोकाखाली एक सेंटीमीटरचा तुकडा सारायचा. हा कोकण रेल्वेचा चढ, दीडशेला एक. रोह्यापासून ७४१ किलोमीटर मार्ग, आणि सगळ्या सह्याद्रीच्या सोंडांमधून तो याहून फारसा चढू दिलेला नाही. म्हणून तर रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणावा लागला आणि पानवल नदीवर ६४ मीटर उंच पूल बांधावा लागला. आता टोक चार सेंटीमीटर उचला. हा झाला बोरघाट, सदतीसला एक. कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीला मागून जादा इंजिनं ढकलतात ती याच चढासाठी. लेकीला आधी हाताने फळीचा उतार बघू दे. डोळ्यांना चार सेंटीमीटर म्हणजे काहीच वाटत नाही. मग इंजिनामागे खोक्यांचे दोन डबे जोडा आणि सोडा. चाकं जागच्या जागी फिरत राहतील.

घसरतंय म्हणून पोरं आधी डबे काढतात, मग इंजिन हलकं करायला बघतात. तिथे घाई करून सांगू नकोस, करू दे. हलकं केल्यावर ते आणखी घसरतं. आता गणित काढा. लांबी ३६ पट लहान, मग वजन किती पट लहान? लेक म्हणेल ३६. वजन लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींनी घटतं, म्हणून छत्तीस गुणिले छत्तीस गुणिले छत्तीस, ४६,६५६ पट. १२३ टनांना त्याने भागलं तर अडीच किलोच्या थोडं वर येतं. तुमचं पुठ्ठ्याचं इंजिन त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. मग मोटरच्या बोगीवर नट-बोल्टांची पुरचुंडी ठेवा, नेमकी त्याच बोगीवर, आणि पुन्हा सोडा. खऱ्या इंजिनाला तर वाळूच्या पेट्याच असतात. पावसात रूळ ओले होऊन चाक घसरायला लागलं की चाकापुढे रुळावर वाळू सोडतात. हे ऐकलं की लेक किनाऱ्यावर पळेल वाळू आणायला. पळू दे, पण ती वाळू गोड्या पाण्यात धुऊन वाळवल्याशिवाय मोटरच्या आसपास नको.

चिकटवलेलं सुकायला घटका-दोन घटका जातात, तेवढ्यात तुम्ही बामणघळीवर जाऊन या. उमामहेश्वराच्या देवळाच्या पुढे, तुला माहीत आहे. भरतीच्या वेळीच जायला हवं, तेव्हाच त्या चिंचोळ्या घळीत पाणी घुसून वर उसळतं. वेळ काढायची आपली जुनी रीत लेकीला शिकव. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. थोडं मागेपुढे होतं, पण चुकामूक होत नाही. कड्यापासून लांब उभ्या राहा, तिथला खडक निसरडा असतो. सकाळी दशभुजा गणपतीचं दर्शन घ्या, मग कामाला बसा. दोन दिवस सलग वाकून बसलं की पाठ धरते आणि चिडचिड सुरू होते. तुझीच आधी.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते, आणि ती तुला सांभाळायची आहे. दुपारी जेवणं झाली की घरातले मोठे पुरुष ओटीवरून पडवीत येतात. जीव लावणारी माणसं आहेत सगळी, पण पोराच्या हातात कटर दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. ‘असं नव्हे बाळा, असं.’ आणि बाळाचं इंजिन काकांचं होतं. तू त्यांना अडवू नकोस, वाईट वाटेल. काम दे. हीर तासायला दे, जांभ्याची खडी चाळायला दे. आपल्या अण्णांनी मागे असे हीर तासले, की त्या वर्षी सगळ्या पोरांनी पँटोग्राफ त्यांच्याकडूनच मागून नेले.

रविवारची संध्याकाळ झाली आणि इंजिन पुरं झालं नसेल, तर नसू दे. रात्री लेक झोपल्यावर दिवा लावून तिची बॉडी तू पुरी करून ठेवायची नाहीस. हे मी तुला हात जोडून सांगते. सकाळी उठून तिला पुरं झालेलं इंजिन दिसेल, ती खूश होईल, आणि ते इंजिन तिचं राहणार नाही. तुझ्या बोगी राहिल्या असतील तर त्या खुशाल कर, जाग हवं तितकी. तिची बॉडी तशीच खोक्यात घालून पुण्याला न्या. राहिलेल्या खिडक्या ती शाळेतून आल्यावर कापेल, तू स्वयंपाक आटोपून बोगी घेऊन बस. बॉडी ज्या दिवशी बसेल त्या दिवशी मला फोन करा, दोघींनी.

येताना स्टीलची पट्टी आण, प्लास्टिकची नको, कटर तिची कड खातो. लेकीचे जुने कपडे आण, पोस्टर कलरचे डाग धुऊन जातात पण लाल जरा हट्टी असतो. आणि आत्तापासून झाकणं जमवायला लाग. बारा लागतील, चार जास्तीची धर. सगळी एकाच कंपनीची हवीत. वेगवेगळ्या बाटल्यांची झाकणं दिसायला सारखी दिसली तरी मिलिमीटरभर लहानमोठी असतात, आणि मग सहा आसांतला एखादा हवेतच फिरतो.